अकरा घंटा आणि अक्काची शाल

मेहरूण, जळगाव
२७ जानेवारी

ती. अक्का,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो आहे. टेबलाचे चार पाय सत्तारभाईंनी आमच्या खेळाच्या सामानासाठी कापून नेले, तेव्हापासून मी जमिनीवर बसून पाटावर लिहितो.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? चहातली त्यांनी सोडली हे रत्नाकडून कळलं, पण रत्नाला हेही कळलं आहे की ते दुकानासमोरच्या गाड्यावर जिलेबी खातात. धुळ्यात यंदा थंडी फार म्हणे. थंडी म्हटल्यावर तुला जी वस्तू आठवेल तिच्याबद्दल तू मागच्या तिन्ही पत्रांत विचारलं आहेस, आणि मी तिन्ही वेळा उत्तर द्यायला विसरलो. तर अक्का, तुझी शाल सुखरूप आहे. तिच्याबद्दल सवडीने लिहितो.

फोन न करता पत्र लिहितो आहे याचं तुला नवल वाटेल. पण फोनवर मी 'अक्का' एवढंच म्हणतो, मग तू दहा मिनिटं बोलतेस, आणि मी 'बरं' म्हणून ठेवतो. पत्रात मला मध्येच थांबवायची सोय तुला नाही. आज मला कोणी थांबवलेलं चालणार नाही, कारण आज मी अशा आनंदात आहे की काल रात्री जेवताना रत्नाने मीठ घालायचं विसरलेली आमटी मी दोनदा मागून घेतली.

पहिली गोष्ट, भाऊजींना सांग की एक फेब्रुवारीपासून दुकानावर बसायला दुसरा माणूस बघा.

दिवाळीत काय ठरलं होतं ते तुला आठवत असेलच, कारण ते तूच ठरवलं होतंस. भाऊबीजेला तू आमच्याकडे आलीस, ओवाळून झालं, आणि मी ताटात काही टाकायच्या आत तू कॅलेंडरचं मागचं पान फाडून माझ्यासमोर ठेवलंस. त्यावर तुझ्या त्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं की जानेवारी संपेपर्यंत तालुक्याच्या शाळांमधून गणिताचे खेळ करण्याची लेखी परवानगी मिळाली नाही, तर योगराज हा उद्योग बंद करील आणि धुळ्याला येऊन भाऊजींच्या सिमेंट-पत्र्याच्या दुकानावर बसेल. खाली माझी सही. भाऊजी कोपऱ्यातून म्हणाले होते, "बठ्ठं सोडी दे रे भो, दुकानवर बस. सिमेंटनी गोणीले काय गणित लागस?" (भाऊजींचं दुकान ज्या तऱ्हेने चालतं ते पाहता ते मनापासून बोलत होते.) आणि तू म्हणालीस की गणित म्हणजे जत्रेतला पाळणा नव्हे, ते घाम गाळून शिकायचं असतं, आणि ज्याला दहावीत पहिल्या खेपेला चौदा आणि दुसऱ्या खेपेला सतरा मिळाले, म्हणजे दोन्हींची बेरीज केली तरी जो पास होत नाही, त्याने लोकांच्या पोरांना गणित शिकवू नये.

अक्का, ते मला लागलं. तू चौतीस वर्षं धुळ्यात गणित शिकवलंस, मी तुझ्याच वर्गात सातवीला होतो, आणि वर्षभरात माझ्या वहीत तू एकदाही बरोबरची खूण केली नाहीस, हे सगळं खरं. पण मी गणित शिकवतो असं मी कधी म्हटलंच नव्हतं. गणित शाझियाचं. ती सत्तारभाई सुतारांची मुलगी, एम.एस्सी. झालेली, तिला गणित येतं, पण चार माणसांपुढे उभी राहिली की तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा जात नाही. मला गणित येत नाही, पण वीस वर्षं मी जत्रांत, कबड्डीच्या सामन्यांत आणि हरवलेल्या मुलांच्या घोषणा करण्यात माईकवर काढली आहेत. म्हणून डोकं तिचं, गळा माझा आणि लाकूडकाम तिच्या वडिलांचं अशी आमची 'आकड्यांची जत्रा' उभी राहिली. चौकोनी चाकांची गाडी आहे आमच्याकडे, अक्का! उंचसखल फळीवरून ती अशी सरळ जाते की आत ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलत नाही. (माझ्या टेबलाचे पाय त्या फळीखाली आहेत.)

सुरुवातीला फजिती झाली, ती लपवत नाही. मेहरूणच्याच एका शाळेत अपूर्णांक शिकवायला आम्ही कळण्याच्या चाळीस भाकरी करून नेल्या. निम्मी, पाव, अष्टमांश असं तोडून दाखवायचं, मुलांनी तुकडे जोडून एक भाकरी पुरी करायची, असा बेत होता. कल्पना शाझियाची आणि भाकरी रत्नाच्या. पण वेळ दुपारी साडेबाराची, आणि शाळेच्या शिपाईमामांनी घरून हंडाभर वांग्याचं भरीत आणलं, "नुसती भाकर पोरायले कशी देता?" म्हणून. दहा मिनिटांत एकही अपूर्णांक शिल्लक राहिला नाही. शेवटी मी माईकवर विचारलं की चाळीसातून चाळीस गेले तर किती उरले, तेव्हा एक मुलगा म्हणाला, भरीत उरलं. ही हकीकत धुळ्याला तुझ्यापर्यंत कोणी पोचवली ते मला ठाऊक आहे, आणि त्या व्यक्तीच्या भाकरी मी अजूनही खातो म्हणून गप्प आहे.

तर जानेवारीची वीस तारीख उजाडली तरी परवानगी नव्हती. विस्तार अधिकारी साहेब म्हणाले, मी एकदा खेळ डोळ्यांनी बघतो, आवडला तर तिथेच सही करतो. त्यांना वेळ होता तो बोदवडच्या एका शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात, अकरा ते एक. एक वाजता त्यांची गाडी वरणगावला निघणार. म्हणजे दुकानाची गोणी आणि मी यांच्यामध्ये बोदवडचे दोन तास उभे होते. आम्ही टेम्पोत गाडी, फळ्या, शंकू, दोऱ्या सगळं भरलं. निघता निघता शाझियाने निमंत्रणपत्रिका पुन्हा वाचली आणि खालची बारीक ओळ मला दाखवली: 'व्यासपीठावरील मान्यवरांनी येताना आपापली एक शाल सोबत आणावी.' मी मान्यवर! रत्ना माहेरी गेलेली, टेम्पोवाला खाली भोंगा वाजवतोय. कपाटात हात घातला आणि हाताला लागली ती शाल उचलून पळालो. (कोणती ते आता विचारू नकोस. मघाशीच म्हटलं, सवडीने.)

शाल आपापली का आणायची, हे कळायला तुला त्या संस्थेचा इतिहास कळायला हवा. संस्थेचे अध्यक्ष तोतारामभाऊ, वय सत्तर, दोन्ही गुडघे गेलेले, माणूस दिलदार पण नाराजीला फार भिणारा. दोन वर्षांपूर्वी एका संचालकाचा सत्कार अध्यक्षांच्या हस्ते झाला आणि दुसऱ्याचा मुख्याध्यापिकेच्या हस्ते. दुसऱ्याने राजीनामा दिला. गेल्या वर्षी सगळ्यांचे सत्कार एकाच हाताने झाले, पण एका शालीला जर होती आणि एकीला नव्हती. तिघांनी राजीनामे दिले. (ते सगळे परत आले. राजीनामे फायलीत लावून ठेवले आहेत, पुन्हा लागतील म्हणून.) यंदा तोतारामभाऊंनी पक्का बंदोबस्त केला. व्यासपीठावर बारा जण: स्वतः भाऊ, आठ संचालक, मुख्याध्यापिका पुष्पाबाई, विस्तार अधिकारी साहेब आणि मी. शाल ज्याची त्याने आणायची, म्हणजे जरीचा प्रश्न मिटला. आणि प्रत्येकाने उरलेल्या प्रत्येकाचा सत्कार करायचा, म्हणजे हाताचाही प्रश्न मिटला. आपल्याजवळ असेल ती शाल समोरच्याला द्यायची, मग नाव पुकारून त्याने तुमचा सत्कार करायचा, त्याच्याकडची तुम्हाला द्यायची, मग पुढचा. कोणी कोणापेक्षा कमी नाही, कोणी जास्त नाही. मला तर ऐकून डोळ्यांत पाणी आलं.

पाणी अकरा वीसला आटलं. दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत संपून सत्कार सुरू झाले, आणि पहिल्या चारांतच माझ्या लक्षात आलं की काहीतरी फार लांबलेलं आहे. नाव पुकारायचं, माणसाने खुर्चीतून उठायचं, शाल, नमस्कार, फोटो, फोटोवाल्याचा 'अजून एक'. पत्र्याच्या शेडखाली तीनशे पोरं चुळबुळ करू लागली. साहेबांनी घड्याळ बघितलं. मागच्या भिंतीशी सामानाजवळ उभी असलेली शाझिया मला खुणा करू लागली, आणि मी लघुशंकेचं निमित्त करून व्यासपीठावरून उतरलो. तिच्या मोबाईलवर वेळ मोजलेली होती: एका सत्काराला पंचेचाळीस सेकंद.

आता पुढचं नीट वाच, अक्का, कारण इथे तुझा भाऊ मोठा झाला. घाबरून शाझियाला काही विचारण्याऐवजी मी खडू घेतला आणि शेवटच्या रांगेतल्या पोरांना हळूच विचारलं की हे एकूण सत्कार किती होणार. एक म्हणाला बारा. दुसरा चोवीस. तिसऱ्याने छाती फुगवून सांगितलं, बारा बारा एकशे चव्वेचाळीस. तेवढ्यात कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला, "सर, सोताचा सत्कार सोता कोन करते?" (दोन संचालकांची नावं माझ्या ओठांवर आली होती.) ती पुनम, सातवीतली. मला आल्या आल्याच सांगण्यात आलं होतं की त्या मुलीला काही विचारू नका, गणितात ढ आहे. त्या ढ मुलीने सांगितलं की प्रत्येक जण अकराच जणांचा करणार, म्हणजे बारा गुणिले अकरा, एकशे बत्तीस. मग पोरांनी भिंतीवरच गुणाकार मांडला. एकशे बत्तीस गुणिले पंचेचाळीस सेकंद, म्हणजे नव्व्याण्णव मिनिटं. अकरा वीसला सुरू झालेले सत्कार बारा एकोणसाठला संपणार, आणि आमच्या खेळाला एक मिनिट उरणार.

मला सिमेंटचा वास आला. खरंच सांगतो, नाकात गेला.

पण पोरं थांबेनात. अख्खी मागची रांग भिंतीकडे तोंड करून बसली. दोघांनी एकमेकांचा सत्कार एकाच दमात उरकला तर निम्मे, सहासष्ट. तरी पन्नास मिनिटं. तेव्हा पुनम उठून उभी राहिली आणि म्हणाली, "सर, कपाशी येचाले एकच बाई वावरात जाते अन् बाकीच्या बांधावर टाया वाजोता का? बठ्ठे एकदमच करा ना!" सगळ्यांनी एकदम! हे ऐकून शाझियाचा चेहरा जो उजळला तो मी जन्मभर विसरणार नाही. सहा सहा खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर. घंटा झाली की समोरच्याशी शाल बदलायची. मग एक माणूस जागेवर ठेवून बाकी सगळ्यांनी एकेक खुर्ची सरकायचं, गोल. पुन्हा घंटा. अकरा घंटांमध्ये प्रत्येकाची गाठ प्रत्येकाशी एकदा, एकदाच पडते. कबड्डीचे साखळी सामने असेच लावतात, आणि वीस वर्षं मी ते माईकवरून पुकारूनही मला हे माहीत नव्हतं. अकरा गुणिले पंचेचाळीस सेकंद. सव्वाआठ मिनिटं! चार पोरांना उभं करून त्यांच्या रुमालांवर आम्ही तिथेच तालीम केली. तीन घंटांत सगळ्यांची सगळ्यांशी गाठ पडली, आणि गंमत म्हणजे चारही रुमाल आपापल्या मालकाकडे परत आले. ते पाहून माझ्या जिवात जीव आला. (रुमाल परत येण्याने माझ्या जिवात जीव का आला, तेही खाली येईल.)

आता तोतारामभाऊंना कोण सांगणार? मी माईक घेतला. मी बोलायला लागलो आणि भाऊ कडाडले, "सत्कार हाये का संगीत खुर्ची हाये?" संचालक कुजबुजू लागले, दोघांनी तर खिशातली पेनं काढली. अक्का, जत्रेतला अनुभव इथे कामी आला. मी म्हटलं, भाऊ, या पद्धतीत एका माणसाला जागेवरून हलताच येत नाही. बाकी अकरा जण फिरत फिरत एकेक करून त्याच्यासमोर येतात. असा माणूस निवडायचा आहे जो खुर्ची सोडणार नाही. भाऊंनी गुडघ्यावरून हात फिरवला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग मीच बसतो. संस्थेसाठी एवढं कराच लागते."

तोवर झालेले सगळे सत्कार रद्द झाले, शाली आपापल्या मालकांकडे परत गेल्या, आणि अकरा पस्तीसला पुनमने शाळेची पितळी घंटा वाजवली. अक्का, तू तिथे हवी होतीस! सहा जोड्या एकदम उठल्या, शाली इकडच्या तिकडे, नमस्कार, घंटा, सरका! आठ संचालक, पुष्पाबाई, साहेब आणि मी असे अकरा जण धापा टाकत खुर्च्या बदलतोय, तोतारामभाऊ रांगेच्या टोकाला राजासारखे बसून येईल त्याला शाल देताहेत आणि घेताहेत, आणि तीनशे पोरं प्रत्येक घंटेला ओरडून आकडा मोजताहेत. ज्या दोन संचालकांनी तीन वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं होतं ते सातव्या घंटेला समोरासमोर आले आणि मागची रांग ओरडली म्हणून त्यांना हसावं लागलं. अकरावी घंटा झाली आणि शाझियाने मोबाईल वर धरला: आठ मिनिटं वीस सेकंद. पाच सेकंद जास्त लागले ते पुष्पाबाईंचा पदर खुर्चीत अडकला म्हणून.

पुढचा सव्वा तास आमचा होता. चौकोनी चाकांची गाडी चालली, पेल्यातलं पाणी हललं नाही. पोरांनी दोऱ्यांनी शेड मोजली, सावलीवरून झेंड्याच्या खांबाची उंची काढली, आणि साहेबांनी स्वतः खाली बसून शंकूचे तुकडे जुळवले. एक वाजता त्यांची गाडी भोंगा वाजवत होती तरी ते उठेनात. शेवटी त्यांनी टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. चाळीस शाळा, अक्का! एकतीस जानेवारीला अकरा दिवस बाकी असताना, शिक्क्यासह! प्रत सोबत जोडली आहे. ती भाऊजींना वाचून दाखव, आणि कॅलेंडरचं ते पान तुझ्या लोखंडी कपाटात असेल ते सन्मानाने परत पाठव. मी ते चौकटीत लावणार आहे.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, आणि जिलेबीबद्दल मी काही लिहिलं आहे असं त्यांना सांगू नकोस.

तुझा
योगराज

ता. क. सवड मिळाली म्हणून शालीबद्दल लिहितो. दिवाळीत तू सकाळच्या थंडीत पांघरलीस आणि आमच्याकडेच विसरलीस ती जांभळी शाल. तुझ्या निवृत्तीच्या दिवशी सातवीच्या मुलींनी दिलेली, जिच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः टाके घालून 'इंदिरा' असं भरलं आहे. त्या सकाळी कपाटात माझ्या हाताला लागली ती तीच. व्यासपीठावर बसल्यावर कोपरा दिसला आणि मी तो घाईघाईने आत दुमडला. पण चार रुमाल आपापल्या मालकाकडे परत आलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. म्हटलं चारांचं आलं तर बारांचंही येईल. जितकं दिलं तितकंच घेतलं, मग जाणार कुठे? अकराव्या घंटेनंतर हातात पाहिलं तर एक पिवळी शाल होती. साहेब तेवढे आनंदाने ओरडले, "अरे, माझी मलाच आली!" बाकी कोणालाच स्वतःची आली नव्हती. पुनमने तेव्हाच हात वर करून विचारलं होतं की सर, एकालेच कशी काय भेटली. मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगतो. हा भाग वर लिहायचा राहून गेला.

आणखी एक ता. क. चार दिवस मी संचालकांना फोन करत होतो, 'सहज चौकशी' म्हणून. कोणी थांग लागू दिला नाही. पाचव्या दिवशी पुष्पाबाईंनी पुनमच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्या मुलीने बारा वाट्या मांडून, बारा चिठ्ठ्या घालून, अकराही घंटा घरी वाजवल्या होत्या (आई ओरडेपर्यंत). चार माणसांत सगळ्यांची वस्तू परत येते, पण बारांत एकाचीच येते: सहाव्या घंटेला जो भाऊंसमोर असतो त्याची, म्हणजे साहेबांची. शाझियाने तपासलं, बरोबर आहे. आणि माझ्या शालीचं तिने वेगळं लिहिलं होतं. दहाव्या घंटेला ती फिरून माझ्याच हातात आली होती, अक्का. माझ्याच! मी त्या वेळी पुष्पाबाईंच्या पदराकडे बघून हसत होतो. आणि अकराव्या घंटेला माझ्यासमोर तोतारामभाऊ होते. मी माझ्या हातांनी, नमस्कार करून, ती त्यांना दिली.

तिसरं ता. क. भाऊंकडून ती मागून घेता येत नाही. सत्काराची शाल परत मागितली तर ते नाराज होतील, आणि नाराजीचं तिथे काय होतं ते तू वर वाचलंसच. शिवाय त्यांना ती फार आवडली आहे. कोपऱ्यातलं 'इंदिरा' हे ते दुकानाचं नाव समजतात, आणि त्या दुकानातून आणखी दोन घ्यायचा त्यांचा विचार आहे. पण देव आहे. चाळीस शाळांतला खेळ बघून (अजून एकच झाला आहे, पण तोही धरावा) तुझ्या जुन्या शाळेने आम्हाला दहा फेब्रुवारीला धुळ्याला बोलावलं आहे. तिथल्या संस्थेचे अध्यक्ष तोतारामभाऊंचे व्याही. भाऊ प्रमुख पाहुणे म्हणून येणार, सत्कार याच पद्धतीने होणार, भाऊ खुर्ची सोडणार नाहीत, आणि शाल 'आपल्याकडची सगळ्यात चांगली' आणणार. कार्यक्रमाच्या अध्यक्षा सौ. इंदिराबाई, निवृत्त गणित शिक्षिका. पत्रिका छापून झाल्या आहेत. तुला विचारायचं राहिलं, पण तू पहिल्या कलमातच नाही म्हणाली असतीस, म्हणून पत्र इतकं लांबवलं.

पुनम आणि शाझियाने तुझी जागा काढून ठेवली आहे: पहिल्या घंटेला बरोबर भाऊंच्या समोर. एवढंच ऐक, अक्का. पहिल्याच घंटेला भाऊ तुझी शाल तुझ्या हातात देतील. तू ती ओळखशील, घट्ट धरशील आणि माझ्याकडे बघशील. बघू नकोस. दुसरी घंटा झाली की समोरच्याला देऊन टाक, आणि घंटेला घंटा खुर्ची बदलत राहा. ती नऊ घंटा सगळ्या व्यासपीठावर फिरेल, तुला दिसेल, तुझा जीव वरखाली होईल. आणि अकराव्या घंटेला ती फिरून तुझ्याकडेच येईल. भाऊजींना मात्र वर आणू नकोस. तेरावा माणूस आला तर शाल कुठे जाईल हे पुनमलाही सांगता येत नाही.

शेवटचं. गुडघा दुखत असेल तर खुर्च्या सरकवायला मी तुझ्या मागे उभा राहीन. पहिल्या रांगेत पुनम बसलेली असेल, वही घेऊन. बोदवडहून तिला शाझिया आणणार आहे. शाल हातात आली की माईकवर काही बोलू नकोस, मला शाबासकीही देऊ नकोस. खाली उतर, त्या मुलीची वही घे, आणि त्या पानावर बरोबरची खूण कर. मला एकदा जवळून बघायचं आहे, ती तू कशी काढतेस.